सावरघाटचं छप्पर

"बाई, छप्पर बरं हाय न?"

देवाजी शिडीच्या तिसऱ्या पायरीवर थांबून विचारत होता. खांद्यावर लोखंडी खांब, कमरेला हातोडा, दातांत दोन खिळे धरलेले, त्यामुळे शब्द अर्धेमुर्धेच बाहेर येत होते.

"एकदम बरं," मी म्हटलं. "सकाळी आतून पाहिलंय मी स्वतः. उजेडाचा एक ठिपका दिसत नाही कुठे. नाच जाऊन वर!"

तो हसला आणि चढला.

नाच जाऊन वर! काय गरज होती मला एवढं बोलायची? साधं 'हो' म्हणता आलं असतं. पण तेव्हा माझं तोंड असंच होतं, आणि खरं सांगायचं तर आजही फारसं सुधारलेलं नाही. मी सव्वीस वर्षांची होते. कनिष्ठ अभियंता. अख्ख्या तालुक्यातल्या सरकारी इमारती माझ्याकडे, आणि उपविभागात मी एकटी बाई. कुणी 'तुम्हाला नाही कळायचं' असं नुसतं चेहऱ्यानं जरी म्हटलं, तरी माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

सावरघाटचा बंगला म्हणजे जंगलात दहा मैल आत असलेलं इंग्रजांच्या वेळचं विश्रामगृह. त्याचं छप्पर तेवढं जगावेगळं होतं. कौलं नाहीत, पत्रा नाही. सागाचे ओंडके कुऱ्हाडीनं उभे फाडून काढलेल्या हात-हात लांब फळ्या, माशाच्या खवल्यांसारख्या एकावर एक ठोकलेल्या. फळ्यांच्या खाली आडव्या रिपा, रिपांखाली कडेपासून वर चढत गेलेले वासे, आणि सगळ्यांत वर मधोमध आढं. दिवाणखान्यात उभं राहून मान वर केली की थेट छपराची खालची बाजू दिसायची, मधे माळाबिळा काही नाही. आढ्यापासून फरशीपर्यंत बावीस फूट, मी स्वतः मोजलेले.

मे महिना होता, वणव्यांचे दिवस. म्हणून बंगल्याच्या आढ्यावर बिनतारी संदेशाचा खांब बसवायचं ठरलं होतं, आणि दुसऱ्या दिवशी तो बघायला मोठे साहेब येणार होते. माणूस वर चढणार, तर छप्पर त्याचं वजन पेलेल असा दाखला लागतो. तो मी सकाळी नऊ वाजता लिहून, सही ठोकून, फाइलला लावून मोकळी झाले होते. शिडीला मी हातसुद्धा लावला नव्हता. त्याचं कारण कुणाला माहीत नव्हतं. मला उंचीची भीती वाटायची. लहानपणी वर्ध्याला आई मला गच्चीवर पापड वाळत घालायला पाठवायची नाही, कारण कठड्यापाशी गेले की मी डोळे मिटून खाली बसायची. इमारतींची कामं बघणारी बाई उंचीला घाबरते हे बाहेर फुटू नये म्हणून दोन वर्षं मी काय काय सोंगं केली, ते माझं मला ठाऊक. कपड्यांचं कारण सांग, चक्कर येते म्हण, नाहीतर सरळ खालूनच बघून लिहून टाक.

देवाजी वर गेला आणि पाचेक मिनिटांत फाटकातून त्याचा बाप आला, कवडू मिस्त्री. सत्तरीचा, काटकुळा, उजवा खुबा कामातून गेलेला. एका हातात वासे ठोकून बघायची जुनी वेळूची काठी, त्याच्या अडीचपट उंचीची, दुसऱ्या हातात पोराच्या भाकरीचं गाठोडं. या माणसानं चाळीस वर्षं ते छप्पर राखलं होतं. दर उन्हाळ्यात फळीन् फळी तपासायची, कुजकी काढायची, नवी फाडून बसवायची. दोन वर्षांपूर्वी त्याचं ते काम मी बंद केलं. तेव्हापासून त्यानं आवारात पाऊल टाकलं नव्हतं.

"रामराम बाई. पोरगं कुठं हाय?"

"वर आहे. खांब बसवतोय."

"वर?" त्यानं गाठोडं ओट्यावर ठेवलं आणि वर न बघता सरळ दिवाणखान्यात शिरला. आता हा काय खुसपट काढतो ते बघावं म्हणून मीही मागोमाग गेले. बाहेर बाराचं टळटळीत ऊन होतं, आणि आत पाय ठेवला तर काही दिसेना.

कवडू मान वर करून उभा राहिला. बराच वेळ.

"अंधार हाय," तो म्हणाला.

"असणारच. बुजवलंय मी सगळं," मी जरा ठसक्यातच म्हटलं. "दोन पावसाळे गेले, थेंब गळला नाही."

"एकबी ठिपका नाई दिसून रायला, बाई."

"तेच तर सांगतेय मी."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. त्या अंधारातसुद्धा मला त्याचा उतरलेला चेहरा दिसला.

"उतरवा त्याले," तो म्हणाला, आणि मग एकदम ओरडला, "देवाजी! ए देवाजी! जागचा हालू नोको!"

वरून उत्तर आलं, "काय म्हणता बाबा?" आणि ते विचारायला देवाजी बहुतेक वळला असावा. डोक्यावर पापड मोडावा तसा आवाज झाला. काळं प्लॅस्टिक फाटलं, ओला भुसा खाली पडला आणि एक पाय मांडीपर्यंत आत लोंबायला लागला. पायात टायरची चप्पल होती. ती सुटली आणि माझ्यापासून हातभर अंतरावर फरशीवर आदळली.

देवाजी ओरडला नाही. ओरडले मी.

आम्ही बाहेर धावलो. कवडू धावू शकत नव्हता, तरी धावला. चौकीदार बिसन आणि आमच्या जीपचा ड्रायव्हर मागच्या बाजूनं आले. देवाजी आढ्यापासून दोन हात खाली, उतारावर पालथा पडला होता. डावा पाय पूर्ण आत, दोन्ही हात पसरलेले, गाल छपराला टेकलेला. लोखंडी खांब घरंगळून अंगणात येऊन पडला होता.

"बाबा," तो अगदी हळू बोलला, जणू आवाजाचंही वजन पडेल. "पायात काहीतरी घुसलं. रगत येऊन रायलं. हाललो का कडकड वाजते."

"हालू नोको. उगामुगा राय. येतो आमी."

बिसन गाद्या आणायला पळाला. बंगल्यात चार खाटा होत्या, त्यांच्या चारही गाद्या आत फरशीवर टाकल्या. बावीस फुटांवरून पडलेल्या माणसाला त्या चार गाद्या काय पुरणार? शिडी एकच, तीही चौदा फुटी, आतून पोचणारी नव्हती. तालुक्याचं गाव दहा मैलांवर, तिथून कुणी येईपर्यंत दीड-दोन तास. आणि देवाजीच्या पायाखालून फरशीवर थेंब पडायला लागले होते. 

काय झालंय ते मला आता कळलं होतं. वाईट म्हणजे, दोन वर्षांपूर्वी ते मला कुणीतरी नीट समजावून सांगितलं होतं.

मी नुकतीच रुजू झाले होते. असाच मे, अशीच दुपार. मी याच दिवाणखान्यात उभी राहिले तर छपरातून शेकडो ठिकाणी ऊन आत येत होतं. फरशीवर, भिंतीवर, माझ्या अंगावर ठिपकेच ठिपके. "हे छप्पर आहे का चाळणी?" मी म्हटलं. कवडू शेजारी उभा होता. तो समजुतीनं म्हणाला, "उन्हाळ्यात लाकूड आखडते बाई, म्हून उजेड दिसते. पाऊस लागला का फुगते, अन् सारं बुजून जाते. उजेड दिसलाच पायजे. तेवढ्याच वाटेनं हवा खेळते, म्हून लाकूड सुकते. ज्या उन्हाळ्यात आत अंधार दिसला, त्या उन्हाळ्यात भ्यायचं." मला वाटलं, म्हातारा आपलं काम टिकवायला बघतोय. मी शिकलेली ना! मी वरून डांबराचे दोन हात मारून घेतले आणि खालून रिपांना जाड प्लॅस्टिक ठोकून घेतलं. थेंब गळायचा थांबला. साहेबांनी बैठकीत माझं नाव घेऊन कौतुक केलं. डांबराला उन्हानं बारीक भेगा गेल्या, त्यातून पाणी आत शिरत राहिलं आणि त्याला बाहेर पडायला वाटच उरली नाही. वरून काळंभोर चकचकीत, खालून काळं, आणि मधे दोन वर्षं सगळं कुजत होतं. आणि त्याच अंधाराकडे बघून सकाळी मी 'छप्पर उत्तम' असं लिहिलं होतं.

"म्या जातो न वर," बिसन म्हणाला. "दोर घेतो अन् जातो. दोन मिंटाचं काम."

बिसन म्हणजे नुसती हाडं होती. माझ्याहून बारीक, आणि झाडावर माकडासारखा चढायचा. त्यानं शिडीला हातही घातला होता. कवडूनं त्याच्याकडे पाहिलं. मग ड्रायव्हरकडे. मग माझ्याकडे, माझ्या हातांकडे.

"तू नाई," तो बिसनला म्हणाला. "बाई जातीन."

"मी?"

"तुमी अंगानं हलक्या."

मला वाटलं, हा सूड घेतोय. खरंच तसं वाटलं, लपवून काय करू? मग दुसरं वाटलं की घेतला तरी माझी बोलायची सोय नाही. आणि मग तिसरं काहीच सुचेना, कारण मघापासून कापणारे माझे हात आता इतके कापायला लागले की ओढणी कमरेला बांधायची तर गाठ बसेना.

"मिस्त्री," मी त्याच्या अगदी जवळ जाऊन म्हटलं, "मला उंचीची भीती वाटते हो. खूप भीती वाटते. लहानपणापासून."

जन्मात पहिल्यांदा मी ते दुसऱ्या माणसाला सांगत होते.

"दिसून रायलं," तो म्हणाला. "आता आयका. आधी वरून खिळ्यांच्या रांगा दिसत. खिळे दिसले का खाली वासा कुठं हाय ते समजे. तुमच्या डांबरानं खिळे झाकले. मी आत जातो अन् काठीनं वासा ठोकतो. जिथं ठोकलं तिथंच हात ठेवाचा. तिथंच गुडघा. अन् ठोकलं नाई तं हालाचं नाई. मी मरून पडलो तरी ठोकल्याबगर हालाचं नाई. समजलं?"

मी मान हलवली. 

बिसननं दोराला दगड बांधून तो आढ्यावरून पलीकडे फेकला. पलीकडचं टोक त्यानं आणि ड्रायव्हरनं मोहाच्या झाडाला वेढा देऊन धरलं. अलीकडचं टोक माझ्या कमरेला बांधलं. वर पोचले की ते सोडायचं आणि देवाजीच्या काखेखालून बांधायचं, असं ठरलं. ठरवताना ते अगदी सोपं वाटलं होतं.

चपला काढून मी शिडी चढले. पहिल्या पाच पायऱ्या ठीक होत्या. सहाव्या पायरीवर मी डोळे मिटले आणि पुढची पायरी पायानं चाचपली. शिडीच्या टोकाला छपराची कड आली आणि मी तळहात टेकवला, तर चटकाच बसला. बाराच्या उन्हात डांबर पाघळलं होतं. तळहात चिकटला, भाजला, आणि मी तो काढून घेतला.

"मिस्त्री, भाजतंय!" मी रडकुंडीला येऊन ओरडले.

आतून आवाज आला, अगदी पायाखालून आल्यासारखा. "भाजू द्या. इथं."

टण् टण्.

तो ठोका मला ऐकू आला आणि तळहाताला कळलाही, बारीक झिणझिणीसारखा. मी तिथं हात ठेवला. पुढे पुन्हा टण् टण्. दुसरा हात. मग गुडघा. मी छपरावर रांगत होते, एका सरळ रेषेत, आणि त्या रेषेच्या दोन्ही बाजूंना काय आहे ते मला आता माहीत होतं.

मधेच काठीचा आवाज बदलला. टण् नाही, भद्. ओल्या पोत्यावर मारल्यासारखा.

"थांबा! तिथं नाई! वासा वरून सडला तिथं. डावीकडच्या वाशावर या."

"डावीकडे कुठे? मधे काय आहे?"

"मधे काई नाई. मधे हवा हाय. पाय लांबवून टाका एकदम, मधे टेकू नका."

दीड हाताचं अंतर असेल. एरवी गटार ओलांडतो तेवढं. मी तिथं किती वेळ थांबले मला सांगता येणार नाही. पाठीवर ऊन, नाकात डांबराचा वास आणि त्याच्याखालून आंबलेल्या लाकडाचा. मी मनातल्या मनात आईला हाका मारत होते. सव्वीस वर्षांची घोडी, सरकारी नोकर, आणि 'आई गं, आई गं' करत होते.

टण् टण् टण्. "इथं हाय मी. या."

मी पाय टाकला. लाकूड करकरलं, पण टिकलं.

देवाजीपाशी पोचले तेव्हा त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. त्यानं डोळा उघडला, माझ्याकडे बघितलं, आणि एवढ्या हालातही त्याचे ओठ हलले.

"नाचलो बाई," तो म्हणाला. "पुरे झालं."

मला रडू फुटलं. "गप रे," मी म्हटलं. "गप राहा, दोर बांधते."

आणि मग मी दोर सोडला नाही.

आज हे सांगताना लाज वाटते, पण जे झालं ते झालं. गाठीवर बोटं ठेवून मी तशीच बसून राहिले. तो दोर सोडला की मला धरून ठेवणारं जगात काहीच उरणार नव्हतं. मी हिशेब करत होते. तो असाच पडून राहिला आणि तासाभरात तालुक्याहून माणसं आली तर? चाललं नसतं का? त्याचं रक्त डांबरावर माझ्या गुडघ्यापर्यंत आलं होतं आणि मी तरीही हाच विचार करत होते.

बरोबर माझ्या गुडघ्याखाली काठी वाजली. टण्. टण्. टण्. घाई नाही, काही नाही.

"वासा चांगला हाय, बाई," आतून कवडू म्हणाला. "माह्या बापानं बसवला तो. तुमच्याखालीच हाय. सोडा."

मी गाठ सोडली. बोटं ओली होती, ती देवाजीच्या काखेखालून दोर नेताना दोनदा घसरली. तिसऱ्यांदा गाठ बसली. मी ओढायला ओरडून सांगितलं. पलीकडून दोर ताणला गेला, देवाजीनं एकदाच किंकाळी फोडली आणि पाय बाहेर आला. त्याबरोबर भोवतालच्या सात-आठ फळ्या आत कोसळल्या आणि माझ्यापासून हातभर अंतरावर घराचं पोट उघडं पडलं. खाली चार गाद्या दिसल्या. अगदी छोट्या दिसल्या, उशांएवढ्या.

पलीकडच्यांनी दोर हळूहळू ढिला सोडला. देवाजी उतारावरून घसरत कडेपर्यंत गेला आणि मग कडेच्या खाली. अंगणात तो टेकल्याचं मला ऐकू आलं. "बाबा!" तो रडत होता. "बाबा, इकडं या! बाबा!"

आणि ठोके थांबले.

मी वाट पाहिली. काही नाही. खाली देवाजी हाका मारतोय, बिसन आणि ड्रायव्हर धावत येतायत, आणि माझ्याखाली सगळं चिडीचूप. गेला, मला वाटलं. जाणारच. पोटचा पोर रक्तात पडलाय, मी असते तर मीही गेले असते. या बाईसाठी कोण थांबतंय? मला खाली उतरायची वाट आठवेना. मागे वळून बघायचा धीर नव्हता. मी कपाळ डांबराला टेकवलं, ते भाजलं तसंच भाजू दिलं आणि डोळे मिटले. त्या क्षणी मला जेवढी भीती वाटली तेवढी पुन्हा कधीच वाटली नाही. बाळंतपणात नाही, आजारपणात नाही.

टण्.

"मधात गाद्या अन् लाकडं पडली, ते ओलांडत व्हतो," कवडूचा आवाज आला. त्याला दम लागला होता. "पाय मागं घ्या. उजवा. इथं."

बाहेर देवाजी 'बाबा, बाबा' करत होता, आणि आत त्याचा बाप एकेका ठोक्यानं मला खाली उतरवत होता. एकदाही घाई केली नाही. डावीकडच्या वाशावरून उजवीकडच्या वाशावर परत येताना तर मला तीनदा ठोकून दाखवलं. शिडीच्या पायरीला माझा अंगठा लागला, तेव्हा मी ओरडून सांगितलं, "लागली शिडी!" त्यानंतर मला काठी फरशीवर पडल्याचा आवाज ऐकू आला.

मी उतरून भिंतीपाशी वांती करत होते, तेव्हा तो माझ्याशेजारून खुरडत गेला. माझ्याकडे बघितलं नाही.

देवाजी वाचला. जीपनं नेला, महिनाभर दवाखान्यात होता. खिळ्यानं मांडीमागची शीर तुटली होती, तो पाय कायमचा ओढत चालायला लागला. आमच्या उपविभागात साहेबांनी सुचवलं की 'मिस्त्रीच्या सांगण्यावरून दाखला दिला' असं दोन ओळींत लिहून टाका, म्हणजे मिटलं. मी फाइल मागवून घेतली, माझ्या दाखल्यावर आडवी रेघ मारली आणि खाली लिहिलं की डांबर आणि प्लॅस्टिक माझ्या आदेशानं लावलं होतं आणि छपरावर न चढता मी सही केली. माझ्यावर ठपका आला. यायलाच हवा होता.

वर्षभर सावरघाटचं काम चाललं. डांबर खरवडलं, प्लॅस्टिक काढलं. कवडूला परत बोलावलं, आणि तो आला याचंच मला आश्चर्य वाटलं. सुटी मिळाली की मी जायची. लाकडाचा ओंडका कुठून फाडायचा, रेषा सरळ असलेली फळी कशी ओळखायची, दोन फळ्यांत बोटभर फट का ठेवायची, सुरीचं टोक लाकडात किती शिरलं म्हणजे चांगलं आणि किती शिरलं म्हणजे गेलं, हे सगळं त्यानं शिकवलं. छपरावरही नेलं. तो शिडीपाशी बसायचा, मी वर जायची. सुरुवातीला हात टेकवायच्या आधी मी दर वेळी तीनदा ठोकून बघायची. मग दोनदा, मग नाहीच. देवाजी बसल्या बसल्या फळ्या फाडायचा.

पुढच्या मे महिन्यात काम पुरं झालं. मी दाखला लिहायला गेले. बाराच्या उन्हात दिवाणखान्यात उभी राहिले आणि मान वर केली. शेकडो ठिपके. फरशीवर, भिंतीवर, माझ्या हातांवर. मला इतका आनंद झाला की मी कवडूला हाक मारून दाखवलं, जसं काही त्याला माहीतच नव्हतं.

"चला, वरून बघून येते आणि सही करते," मी म्हटलं आणि चपला भिरकावून शिडी चढायला लागले. एका दमात चार पायऱ्या. वरचा एकेक वासा मला पाठ होता. वर्ध्याला जाऊन आईला सांगायचं होतं, आता गच्चीवर पापड मी घालते म्हणून.

"उतरा बाई," खालून कवडू म्हणाला.

"का? काय झालं?"

"उतरा म्हणतो न."

त्यानं शिडी धरली होती. मी चिडून खाली आले. "मिस्त्री, वर्षभर तुम्हीच शिकवलंत ना मला? आता डोळे मिटून चालेन मी वर."

"म्हूनच."

"म्हणजे?"

त्यानं शिडी तशीच धरून ठेवली. मग म्हणाला, "त्या रोजी बिसन तुमच्यापेक्षा हलका व्हता. तुमाले वाटलं असन, म्हाताऱ्यानं दावा साधला."

वाटलं होतंच.

"पण तो भेत नोहता. दोन मिंटाचं काम म्हणे. तो ठोक्याची वाट नसता पाहत. तुमचे हात लटलट कापत व्हते, म्हून माह्या पोराचा जीव तुमच्या हाती देल्ला." त्यानं माझ्या हातांकडे पाहिलं. "आज नाई कापून रायले."

तेवढ्यात मागून पावलं वाजली. एक पाऊल धप्पकन पडणारं, दुसरं फरफटत येणारं. देवाजी लोट्यात पाणी घेऊन आला होता.

"घ्या बाई. ऊन लई हाय," तो म्हणाला.

मी लोटा घेतला. त्याच्या पायाकडे बघितलं, टायरच्या चपलेकडे बघितलं. मग मान वर करून छपराकडे, पार आढ्यापर्यंत. ते उंच होतं. किती उंच होतं ते! लोट्यातलं पाणी हिंदकळून माझ्या हातावर सांडलं.

कवडूनं ते पाहिलं. शिडीवरचा हात काढला आणि काठी उचलून तो आत जायला निघाला.

"हां," तो म्हणाला. "चढा आता."